इंदूरमध्ये भाड्याचं घर सोडताय? मग जिन्यात सांगू नका, लिहून द्या

आधी माझा गाढवपणा सांगते, म्हणजे पुढचं का लिहितेय ते कळेल. सुदामा नगरचं आमचं पहिलं घर सोडायचं ठरलं तेव्हा मी घरमालकांना जिन्यात गाठून सांगितलं की काका पुढच्या महिन्यात आम्ही जाऊ, ते हातातली पोह्यांची पिशवी सांभाळत "हो हो, काही हरकत नाही" म्हणाले आणि वर निघून गेले. झालं, मला वाटलं नोटीस दिली. महिना संपला, छोटा हत्ती दारात उभा, अर्धं सामान चढलेलं आणि काका म्हणतात तुम्ही तर सांगितलंच नव्हतं, आता एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून जाणार. ११,००० रुपये. माझ्याकडे दाखवायला काय होतं? पोहे होते, तेही त्यांचे.

त्यानंतर दोन घरं सोडली, दोन्ही वेळा डिपॉझिट पूर्ण परत आलं. आता जळगाव, नाशिक, नागपूरकडून नोकरीला नाहीतर शिकायला इंदूरला आलेली ओळखीतली मुलं विचारत असतात की ताई घर सोडायचंय, काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी वकील नाही, पण चटका बसल्यावर बरंच वाचलं आणि एका वकील काकांकडून समजूनही घेतलं.

अजून एक. आपल्याकडे नोटीस म्हटलं की कोर्टकचेरीच आठवते, त्यात घरमालक रामबागेतल्या नाहीतर लोकमान्य नगरातल्या मराठी काकू असतील तर अजूनच अवघड, त्यांनी आपल्याला दिवाळीचा फराळ दिलेला असतो आणि आपण त्यांना नोटीस द्यायची? तर कागदावर नोटीस लिहूच नका. "घर खाली करण्याबाबत सूचना" असं लिहा. काम तेच होतं.

१. किरायानामा (भाडेकरार) शोधा आणि या वेळी खरंच वाचा

पुण्या-मुंबईहून आलेल्यांसाठी आधी हे सांगते की तिकडे लीव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करावाच लागतो, इकडे ११ महिन्यांचा किरायानामा स्टँपवर टाइप करून नोटरी केला की सगळे खूश. ११ महिनेच का, तर एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं आहे आणि तो खर्च कोणालाच नको असतो.

हा किरायानामा हिंदीत असतो आणि त्यात तुम्ही बहुतेक "द्वितीय पक्ष" असता. कुठेतरी मध्ये "एक माह पूर्व लिखित सूचना" असं काहीतरी वाक्य असेल, ते शोधा. "लिखित" हा शब्द दिसला की जिन्यातलं बोलणं बाद. अजून या गोष्टी बघा:

– लॉक-इन आहे का, म्हणजे पहिले ६ महिने वगैरे सोडता येणार नाही असं काही
– डिपॉझिट किती, ते मिळाल्याचा उल्लेख आहे का, परत कधी द्यायचं
– पेंटिंगचे किंवा सफाईचे पैसे कापायचं लिहिलंय का
– मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता. बरेचदा घर एकाच्या नावावर असतं, भाडं दुसराच घेत असतो आणि सही तिसऱ्याची असते. ज्याची सही त्याच्या नावाने सूचना, आणि जो भाडं घेतो त्याला कॉपी.

लॉक-इनमध्ये असाल तर नुसती सूचना देऊन सुटका नाही, मालक उरलेल्या महिन्यांचं भाडं मागू शकतो. मग बसून बोला. बदलीचं पत्र असेल तर दाखवा, नवा भाडेकरू आणून द्यायची तयारी दाखवा आणि जे ठरेल ते दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आता किरायानामाच नसेल, किंवा ११ महिने कधीच संपले आणि तुम्ही आपले भाडं देत राहिलात, मालक घेत राहिला (अर्ध्या इंदूरचं हेच आहे), तर? अशा वेळी साधारण महिन्या-महिन्याची भाडेदारी धरतात आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १०६ लागतं. त्यात वेगळं काही ठरलेलं नसेल तर राहत्या घरासाठी १५ दिवसांची लेखी सूचना पुरते, मालकाने द्यायची असो की भाडेकरूने. पण माझं मत विचाराल तर तरीही एक महिना द्या, कारण मालकाच्या डोक्यात एक महिनाच असतो आणि डिपॉझिट त्याच्या खिशात असतं.

२. दिवस नीट मोजा

लोक इथेच फसतात. सूचनेचे दिवस तुम्ही कागदावर टाकलेल्या तारखेपासून चालू होत नाहीत, मालकाला ती मिळाली त्या दिवसापासून मोजायचे, कलम १०६ मध्येही तसंच आहे.

समजा भाडं १ तारखेपासून चालतं, एक महिन्याची अट आहे आणि तुम्हाला ३० जूनला निघायचंय. मग कागद ३१ मे च्या आत मालकाच्या हातात पडला पाहिजे. तुम्ही ३० मे ला पोस्टात टाकला आणि तो ३ जूनला पोचला तर हिशोब ३ जुलैवर जातो, आणि मग मालक काय म्हणणार, तीन दिवसांसाठी महिना तुटला, जुलैचं पूर्ण भाडं द्या. म्हणून सात-आठ दिवस हाताशी ठेवा, २२-२३ मे ला देऊन मोकळे व्हा.

आणखी एक गंमत. जुने मालक, कधीकधी जुने वकीलसुद्धा म्हणतात की सूचना महिना संपतानाच संपली पाहिजे, मधल्या तारखेला संपणारी चालतच नाही. ते अगदी हवेतलं बोलत नाहीत, आधी कायदा खरंच तसा होता. ३१ डिसेंबर २००२ पासून ती अट गेली. तरी वाद कशाला घालायचा, जमत असेल तर भाड्याचा महिना संपतो तीच तारीख टाका.

तारीख निवडताना शहरही बघा. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर (रंगांची मोठी मिरवणूक) असते, त्या दिवशी तिकडून सामान न्यायचा विचारही करू नका, अनंत चतुर्दशीच्या झाँकीच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्रीही तेच. जून-जुलैत मात्र सोडणाऱ्याचं भाग्य असतं कारण कोचिंगची मुलं येतात, भंवरकुआँच्या बाजूला तर बोर्ड लावायच्या आधी खोली जाते, मग मालक चार दिवस इकडेतिकडे झाले तरी कुरकुर करत नाही.

३. सूचना लिहा, एक पान पुरे

घर का सोडताय याची कहाणी लिहायची नाही. नळ गळतो, वरचे लोक भांडतात, हे सगळं या कागदात नको. मी दुसऱ्या वेळी साधारण असं लिहिलं होतं:

"दिनांक: २२ मे
प्रति: श्री. (मालकाचं पूर्ण नाव), (किरायानाम्यातला पत्ता)
विषय: घर खाली करण्याबाबत सूचना

मी आपल्या (घराचा पूर्ण पत्ता, मजला) या घरात (तारीख) पासून भाडेकरू आहे. किरायानाम्यातील अटीप्रमाणे एक महिन्याची लेखी सूचना देत आहे. मी ३० जून रोजी घर रिकामं करून ताबा आणि सर्व चाव्या आपल्याला देईन. जूनपर्यंतचं भाडं आणि विजेचं बिल मी भरेन. माझे डिपॉझिटचे २४,००० रुपये ताबा देताना खालील खात्यात परत करावेत ही विनंती. घर पाहण्यासाठी आणि हिशोबासाठी २८ जून संध्याकाळ सोयीची आहे का ते कळवावं.
(बँकेचे तपशील, फोन, सही)"

मालक मराठी नसेल तर हेच हिंदीत लिहा, उगाच इंग्रजी झाडू नका, पंधरा ओळींच्या वकिली इंग्रजीने समोरचा लगेच सावध होतो. किरायानामा नवरा-बायको किंवा तीन मित्र अशा सगळ्यांच्या नावावर असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या, एक जण गावी गेलाय म्हणून त्याची सही सोडायची नाही. आणि "जूनच्या शेवटी शेवटी" असलं काही नको, एक पक्की तारीख टाका.

४. पोचवा, आणि पोचल्याचा पुरावा ठेवा

सगळ्यात चांगलं म्हणजे हातात द्या. दोन प्रती न्या, एक त्यांना, दुसरीवर "मिळाली", तारीख आणि सही. तिलक नगरच्या काकूंकडे गेले तेव्हा त्या चष्मा शोधत म्हणाल्या, "अगं हे काय, आमच्यावर भरवसा नाही का?" मी म्हटलं काकू, ह्यांच्या ऑफिसात भाड्याचे कागद द्यावे लागतात हो. खोटंही नव्हतं ते. केली सही.

सही द्यायला नाही म्हणाले तर भांडायचं नाही, पोस्टात जायचं. आपण ज्याला रजिस्टर्ड एडी म्हणायचो ते रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे आता खिडकीवर स्पीड पोस्ट मागा आणि रजिस्ट्रेशन आणि पोचपावती हवी हे तोंडाने स्पष्ट सांगा, नाहीतर साधं स्पीड पोस्ट करून देतात. पावती जपा, ट्रॅकिंगमध्ये डिलिव्हर्ड दिसलं की स्क्रीनशॉट काढा. मालकाने घेतलंच नाही आणि "लेने से इनकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते उघडू नका, तसंच बंद ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पाकीट नाकारलं तरी ते पोचलं असं साधारण धरलं जातं.

कलम १०६ मध्ये पोचवायचे मार्ग दिलेत, पोस्टाने, हातात, मालकाच्या राहत्या घरी कुटुंबातल्या कोणाकडे किंवा नोकराकडे, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर त्या जागेवर दिसेल असं चिकटवून. या यादीत व्हॉट्सॲप नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो जरूर पाठवा, निळ्या टिकांचा उपयोग होतो, पण फक्त त्यावर विसंबू नका. मालक परदेशी असेल तर किरायानाम्यातल्या पत्त्यावर पोस्ट, शिवाय ईमेल, शिवाय इथे त्याचं भाडं गोळा करणाऱ्या भावाला हातात. थोडं जास्त वाटेल, वाटू दे.

५. मधला एक महिना

भाडं थांबवू नका. "शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या" हे आपण परस्पर ठरवायचं नसतं, मालक हो म्हणाला तर व्हॉट्सॲपवर तरी त्याच्याकडून लिहून घ्या. भाडं यूपीआयने द्या आणि त्यात "जून किराया" असं लिहा.

नवीन लोक घर बघायला येतील. येऊ द्या, पण वेळ सांगून. मी संध्याकाळी ७ ते ८ असं ठरवून दिलं होतं, तरी एक ब्रोकर रविवारी सकाळी दोन कुटुंबं घेऊन आला आणि मी डोक्याला मेंदी लावलेली. असो.

पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) घेत असाल तर भाड्याच्या पावत्या याच महिन्यात सही करून घ्या, आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅनही. घर सोडल्यावर सहा महिन्यांनी कोणी पावत्यांवर सही करत नाही, फोनसुद्धा उचलत नाहीत.

६. वीज, पाणी, गॅस

विजेचं बिल नेहमी मागून येतं, त्यामुळे तुम्ही गेल्यावर एक बिल येणारच. त्यावरून डिपॉझिट अडकवलं जातं. उपाय सोपा आहे, निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसायला हवेत, आणि मागच्या बिलापासूनचे युनिट मोजून तिथल्या तिथे पैसे देऊन टाका. सबमीटर असेल तर ठरलेल्या रेटने, मला ९ रुपये युनिट होता. अंदाजाने "दोन हजार ठेवून घेतो" म्हणाले तर फोटो पुढे करा.

पाण्याचे आणि बिल्डिंगच्या मेंटेनन्सचे पैसे कोण भरतं ते किरायानाम्यात बघा. पाइपचा गॅस तुमच्या नावावर असेल तर कंपनीकडे अर्ज करून बंद किंवा ट्रान्सफर करा, सिलेंडर असेल तर नवीन एजन्सीत ट्रान्सफर. वायफायचा राउटर परत करून पावती घ्या, मी नाही घेतली आणि चार महिने त्यांचे मेसेज येत होते.

७. घर रिकामं करताना

कायदा म्हणतो की घर जसं मिळालं तसं परत द्यायचं, वापराने होणारी साधी झीज सोडून. आता झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं यावरच सगळी भांडणं. दोन वर्षांत रंग फिका पडला, सोफ्यामागे भिंत काळपट झाली, ही झीज. टीव्ही काढताना भिंतीला चार भोकं पडली, बेसिन तडकलं, पोराने दारावर स्केचपेनने हत्ती काढला, हे आपलं. भोकं पुट्टीने भरून घ्या, शंभर-दीडशेत काम होतं, तेच मालकाने केलं तर "पूर्ण भिंत रंगवावी लागली" होतं.

तुम्ही लावलेला गीझर, पंखे, ट्यूबलाइट, पडद्यांचे रॉड चावी द्यायच्या आधी काढा. नंतर तुमचा हक्क अवघड होतो.

सगळं उचलल्यावर रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, नळ चालू करून, फ्लश दाबून, मीटरवर संपवा. आलात तेव्हाचे फोटो असतील तर सोन्याहून पिवळं. आणि कचऱ्याचं, सकाळी गाणं वाजवत येणारी गाडी रोजचा कचरा नेते, तुमची जुनी गादी आणि मोडकं कपाट नाही नेत, मला गाडीवाल्याने स्पष्ट सांगितलं. त्यासाठी कबाडीवाल्याला दोन दिवस आधी बोलवा.

८. चावी द्या, पावती घ्या

सामान गेलं म्हणजे घर सोडलं असं नाही. चावी तुमच्याकडे आहे तोवर ताबा तुमचा, आणि ताबा तुमचा तोवर भाडं चालू आहे असं मालक म्हणू शकतो. चावी शेजाऱ्यांकडे ठेवून जाऊ नका. सगळ्या चाव्या, गेटची, गच्चीची, टपालपेटीची, मोजून द्या आणि दोन ओळी लिहून घ्या: "आज दिनांक ३० जून रोजी (पत्ता) घराचा रिकामा ताबा आणि ५ चाव्या मिळाल्या. भाडं आणि वीज बाकी नाही. डिपॉझिट २४,००० पैकी ___ परत दिले." दोघांच्या सह्या.

मालक चावी घ्यायलाच टाळत असेल, आज नाही उद्या या, असं चाललं असेल तर त्याच दिवशी लिहून कळवा की मी घर रिकामं केलंय, चावी द्यायला अमुक वेळी आलो होतो, तुम्ही घेतली नाही. व्हिडिओ जोडा आणि परत पोस्ट करा.

किरायानामा करताना मालकाने तुमची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली असते, तर घर सोडल्याचंही त्यांनी तिथे कळवावं असं सांगून ठेवा.

९. डिपॉझिट अडलं तर

नेटवर वाचाल की डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही. ते केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये आहे, तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. त्यावर मालकाशी वाद घालायला जाऊ नका, तुमचा खरा आधार किरायानामा आणि पावत्या.

आधी कापलेल्या पैशांचा लेखी हिशोब मागा, कशाचे किती, बिल दाखवा. अर्धे आकडे इथेच खाली येतात. मग १५ दिवसांची मुदत देऊन लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस, आणि ही मात्र नोटीसच. पोलिसात जाऊन फारसा फायदा नाही, ते दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतात. त्यापेक्षा जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करा, केस न टाकताही प्रकरण लोक अदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी नाही आणि समझोता झाला तर तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक. पैसे वसुलीचा दावा साधारण ३ वर्षांच्या आत टाकावा लागतो, म्हणून "दिवाळीनंतर देतो" वर दोन दिवाळ्या घालवू नका.

आणि उलट, तुम्ही सूचना दिली म्हणून चिडून मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर ते चालत नाही, मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमात त्याला मनाई आहे.

१०. फाइल आणि पत्ते

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये किरायानामा, सूचनेची सही केलेली प्रत किंवा पोस्टाची पावती, भाड्याच्या पावत्या, शेवटचं वीजबिल, चावीची पावती. फोटो आणि व्हिडिओ फोनमध्ये नको, मेलवर टाका, फोन बदलतो. ३ वर्षं फाडू नका.

मग पत्ते. आधार, बँक, गाडीचा विमा, मतदार यादीसाठी फॉर्म ८, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा ओळख क्रमांक). आणि शॉपिंग ॲपमधला डीफॉल्ट पत्ता, जो सगळे विसरतात. मीही विसरले, राजेंद्र नगरला येऊन महिना झाला आणि मिक्सरचं भांडं गेलं तिलक नगरला. काकूंचा फोन आला, "तुझं काहीतरी जड आलंय, घेऊन ठेवलंय, नेशील तेव्हा ती कढीपत्त्याची कुंडीही घेऊन जा, विसरलीस." व्हिडिओत पाहिलं तर खरंच, बाल्कनीच्या कोपऱ्यात दिसत होती.